उजव्या ड्रमला घोडा परत परत फाकतो? लगाम बदलण्याआधी खुरापासून सुरुवात करा

"भाऊ, डावीकडं झकास फिरते. उजव्या ड्रमला आली का बाहेर फाकते. आठ-दहा दिवस बरी राहते, मंग पुन्हा तेच."

बॅरल रेसचा नाद लागलेल्या पोरांकडून ही तक्रार हमखास येते. त्यावर पारावरच्या प्रत्येकाकडे एकच औषध तयार असतं: लगाम कडक घाल. वरातीच्या घोड्यांमुळे आपल्याकडे ही समजूत पक्की बसली आहे. घोडा ऐकत नाही ना, मग त्याच्या तोंडात काहीतरी टोचणारं हवं. काटेरी लगामाला जुंपणीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांतच बंदी आहे, तरी तो बाजारात मिळतो आणि लोक घेतातही. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी त्याने हा आजार बरा होत नाही. एकाच बाजूला वळताना कुरकुरणारा घोडा बहुतेक वेळा उद्धट नसतो, त्याला त्या बाजूला काहीतरी दुखत असतं किंवा अडत असतं. म्हणून शोध खालून वर घ्यायचा: आधी खूर, मग पाठ, मग तोंड, मग वर बसलेला माणूस. शिकवणीचा नंबर सगळ्यात शेवटी.

ज्यांनी हा खेळ फक्त मोबाईलवर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळ मूळचा अमेरिकेचा. तीन ड्रम त्रिकोणात मांडायचे, ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाला वळसा घालायचा आणि सरळ परत यायचं. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. ड्रम पडला तर 5 सेकंदांचा दंड. उजवा ड्रम आधी घेतला तर एक उजवं वळण आणि दोन डावी वळणं येतात, डावा आधी घेतला तर उलट. त्यामुळे "उजवीकडे अडतो तर डाव्या ड्रमपासून सुरू करू" ही पळवाट चालत नाही. तसं केलं तर उजवी वळणं एकाची दोन होतात.

आधी कॅलेंडर पाहा

दुखणं परत येतं म्हणता, तर ते कधी परत येतं याची नोंद ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं. नाल मारल्यावर महिनाभर घोडा ठीक असतो आणि मग बिघडतो, असं असेल तर नालबंदाची फेरी लांबली आहे. नाल मारल्यावर दोन-तीन दिवसांतच लंगडला तर एखादा खिळा जिवंत भागात किंवा त्याच्या अगदी जवळ गेला असण्याची शक्यता मोठी. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत त्रास आणि दिवाळीनंतर आपोआप आराम, तर खूर कुजतंय. घरच्या जुन्या खोगिरात बरा आणि नव्या वेस्टर्न (अमेरिकी पद्धतीच्या) खोगिरात वाईट, तर पाठ. दादा बसला की वळतो आणि आपण बसलो की फाकतो, तर उत्तर तुम्हाला कळलंच.

रिकाम्या पाठीची चाचणी

खोगीर नाही, लगाम नाही, फक्त म्होरकी आणि लांब दोर. गावातला सिमेंटचा किंवा डांबरी सपाट रस्ता सकाळी मोकळा असताना घ्या. कुणाला तरी घोडा सरळ दुडकीवर पळवायला सांगा आणि तुम्ही समोरून, मागून आणि बाजूने मोबाईलवर चित्रण करा. ते संथ गतीने पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर मान खाली येते. पुष्कळ जण हे उलटं धरतात आणि भलत्याच पायावर औषध चोळत बसतात.

मग दोराच्या टोकावर लहान गोल, आधी उजवीकडे, मग डावीकडे. हेच मऊ मातीवर पुन्हा करा. कडक जमिनीवर उजव्या गोलात जास्त लंगडतो, तर बहुधा उजव्या पुढच्या खुराचं दुखणं आहे, कारण आतल्या पायावर भार जास्त येतो. मऊ जमिनीवरच जास्त लंगडतो, तर शिरा-स्नायूंचा संशय घ्या. दोन्ही पुढचे पाय दुखत असले की मान हलत नाही, नुसती पावलं तोकडी पडतात आणि माणसं म्हणतात, "आळशी आहे."

गोलावर रिकाम्या पाठीने तो दोन्ही बाजूंना सारखाच मोकळा फिरला, तर खुराचा भाग वाचून ठेवा पण शोध खोगिरापाशी सुरू करा.

खूर

विदर्भात घोडा पाळायचा तर काळ्या मातीशी गाठ आहेच. पावसात ही माती नालेच्या आत गच्च बसते, खुराच्या तळव्याला हवा लागत नाही, आणि घोडा रात्रभर ढोरांच्या कोठ्यात लीद-मुतात उभा असतो. खुराच्या तळव्यात मागून पुढे निमुळता होत गेलेला त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो. त्याला नालबंद पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात आणि मधोमध एक उथळ खळगा. कूज इथेच धरते. ती धरणाऱ्या जिवाणूंना हवा नको असते, ओल आणि घाण हवी असते.

पाय उचलून खूर साफ करायच्या आकड्याने टाचेकडून टोकाकडे माती काढा. उलट दिशेने ओढलं तर टोक पुतळीत घुसतं. आधी वास घ्या. चांगल्या खुराला मातीचा वास येतो. कुजलेल्या खुराचा वास एकदा आला की विसरत नाही, हाताला लागला तर साबणाने धुऊनही रेंगाळतो. आता मधला खळगा पाहा. तो उथळ, बोटाचं टोक जेमतेम बसेल असा असेल तर ठीक. पण तिथे टाचेच्या कातडीपर्यंत चिरत गेलेली फट असेल, कापसाचा बोळा आत जात असेल आणि काळा चिकट लगदा घेऊन बाहेर येत असेल, आणि तो आत जाताना घोडा पाय हिसकत असेल, तर तुमच्या उजव्या ड्रमचं उत्तर त्या फटीत आहे. टाच दुखते म्हणून घोडा टाच टेकायचं टाळतो आणि वळणावर त्या पायावर भार घ्यायला नकार देतो.

वरवर औषध मारून ही कूज आठ दिवस दबते आणि परत येते, कारण औषध फटीच्या तळाशी पोचतच नाही. फट आधी पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा, कोरडी करा, मग पोव्हिडोन आयोडीन पातळ करून त्यात भिजवलेली कापसाची वात तळापर्यंत सरकवा. रोज वात बदला. लोंबणारा कुजका भाग नालबंदाकडून काढून घ्या, स्वतः विळ्याने कोरू नका. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद असतंच, म्हणून काही जण त्याची पूड सरळ खुरात भरतात. मोरचूद कूज मारतं खरं, पण उघड्या लाल मांसावर ते भाजतं. तळवा नुसता काळा पडला असेल तर सौम्य द्रावण चालतं, रक्त दिसत असेल तर अजिबात नको. जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि गावाकडे लस टोचलेली नसणं हेच सर्रास आढळतं.

हे सगळं करूनही घोडा उभा राहतो ती जागा बदलली नाही तर पुढच्या पावसात हीच कहाणी. कोठ्यात घोड्यापुरता मुरमाचा ओटा करा, वीतभर उंच, मागच्या बाजूला किंचित उतार. लीद दिवसातून दोनदा उचला. खाली सोयाबीनचं कुटार टाकत असाल तर ते ओलं झालं की काढा, वरून नवं टाकून झाकू नका. पऱ्हाट्या-तुराट्या खाली नकोतच, खुंट खुरात घुसतात.

नालेचं गणित सोपं आहे: साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटून घ्यायचं, नाल झिजली नसली तरी. "नाल अजून नवीच आहे" म्हणून तीन महिने चालवलं की खुराचं टोक लांबतं, टाच खाली दबते आणि झटक्याच्या वळणात पायाच्या मागच्या शिरेवर ताण येतो. नालबंद तालुक्याच्या गावाहून येत असेल तर आजूबाजूच्या तीन-चार घोडेवाल्यांनी मिळून तारीख धरा. एकट्यासाठी तो येत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

खुराला हात लावून गरम लागतं का तेही पाहा. मुरडीच्या, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या, मागे दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच चाचपलं की नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. बोटाखाली धडधड आपणहून जाणवत असेल तर खुरात दाह आहे. त्या दिवशी ड्रमबिम काही नाही, डॉक्टर.

चारा, म्हणजे मागचे पाय

मागचे पाय वळणावर लटपटत असतील तर वैरणीकडे वळा. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत मागून लाखोळी (लाखेची डाळ) घेतात. लाखोळी घोड्याला जास्त दिवस गेली की मागचे पाय ताठरतात आणि नरडं अर्धवट लुळं पडून पळताना घोडा घोरल्यासारखा आवाज करतो. भंडारा-गोंदियाकडे स्वस्त चंदी (दाण्याचा खुराक) म्हणून कुणी डाळीचा चुरा देत असेल तर त्यात काय आहे ते विचारून घ्या. हिरव्या ज्वारीवर घोडा खूप दिवस चरला तरी मागचा भाग डळमळतो आणि लघवी थेंबथेंब गळत राहते. वाळलेला कडबा चालतो, धुऱ्यावरची कोवळी फुटव्याची ज्वारी नको. आणि कोंबड्यांचं किंवा दुभत्या जनावरांचं तयार खाद्य उरलं म्हणून घोड्यापुढे टाकू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला थोडंसंही मारक ठरतं.

खोगीर

वेस्टर्न खोगीर अमेरिकी क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्याच्या रुंद, सपाट पाठीवर बेतलेलं असतं. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेतून येतात ते मारवाडी, काठेवाडी किंवा त्यांचे मिसळ घोडे. पाठ अरुंद, खांद्यामागचा उंचवटा टोकदार. रुंद खोगीर त्यावर पुढे घसरतं आणि मधल्या पोकळीत उंचवट्यावरच टेकतं. वळणावर ते बाहेर सरकतं, घोडा ते सावरायला खांदा टाकतो आणि ड्रम पडतो.

तपासणी घामावर करा. अर्धा तास काम करून खोगीर अलगद उचला. घोडा दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. ओल्या पाठीत मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब इतका आहे की घाम सुटतच नाही. जुन्या दाबाच्या जागी पुढे पांढरे केस येतात. बऱ्याच वरातीच्या घोड्यांच्या पाठीवर ते दिसतात, आणि विकणारा "जन्मखूण आहे" म्हणून सांगतो. खोगीर रुंद असेल तर योग्य जागी नमद्याचा (जाड लोकरी थराचा) तुकडा देऊन भागतं. अरुंद असेल तर जाड पॅड घालून ते आणखी आवळतं, तिथे खोगीरच बदलावं लागतं.

एका बाजूच्या त्रासाचं आणखी एक कारण रोज डोळ्यांसमोर घडतं. आपण कायम डावीकडून चढतो. दर वेळी अख्खा भार डाव्या रिकिबीला, खोगीर डावीकडे ओढलं जातं, डावा पट्टा हळूहळू लांबतो. दोन्ही रिकिबी काढून शेजारी लटकवून पाहा, किती जणांच्या असमान निघतात. ओट्यावरून चढायची सवय लावा. म्हातारे हसतील, हसू द्या.

तोंड

घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने धार येते आणि गाल कापतो, खालच्यांना आतून येते आणि जीभ कापते. चंदी चावताना अर्धवट गोळे खाली पडतात, लिदेत अख्खे हरभरे दिसतात, एका बाजूचा लगाम ओढला की डोकं वाकडं होतं. डॉक्टरांकडून दातांना कानस मारून घ्या. वर्षातून एकदा तोंड दाखवायचंच. शिकाऊ माणसाच्या हातात मधोमध सांधा असलेला साधा लगाम पुरे. लांब दांड्यांचा वेस्टर्न लगाम एका हाताने, लगामाच्या ढिल्या पट्ट्यांवर चालवायला असतो. तो दोन हातांनी खेचणं म्हणजे जबड्यात पक्कड लावणं.

आता माणूस, आणि मग शिकवणी

इथवर सगळं साफ निघालं तर घोडा कुठला पाय पुढे टाकून पळतो ते पाहा. भरधाव जाताना घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्यापेक्षा जास्त पुढे पडतो. उजव्या वळणाला उजवा पाय पुढे हवा. डाव्या पायावर पळत तो उजव्या ड्रमला आला तर त्याला फाकावंच लागतं, नाहीतर तो पडेल. बहुतेक घोड्यांची एक बाजू लाडकी असते आणि वरातीत, टांग्याला किंवा नुसत्या सरळ रपेटीत ते तीच वापरतात. उजवा ड्रम आधी घेणाऱ्याला पहिल्या आणि दुसऱ्या ड्रमच्या मध्ये पाय बदलून घ्यावा लागतो, उजव्यावरून डाव्यावर. नवशिक्याच्या घोड्याला हा बदल पळता पळता जमत नाही. तिथे दुडकीवर या, मग दुसऱ्या पायावर उचला. वेळ वाया जाऊ द्या.

बसणाऱ्याची नजर ड्रमवर खिळलेली असते, हीही एक नेहमीची गोष्ट. तुम्ही ड्रमकडे पाहता, तुमचा आतला खांदा झुकतो, घोड्याचाही झुकतो. नजर घोड्याच्या कानांमधून पुढच्या वाटेवर हवी. ड्रमशी येताना चार-पाच फूट अंतर ठेवा, वळून निघताना ते आपोआप कमी होतं. आतला हात खाली आणि स्थिर, बाहेरचा हात खोगिराच्या मुठीवर, आतला पाय बरगडीला. नुसता आतला लगाम ओढला की मान वळते आणि खांदा सरळच निघून जातो.

उजवी बाजू मोकळी करायला एकच व्यायाम सांगतो, बाकीचे नंतर. ड्रमला पायीच्या चालीने उजवा वळसा घाला आणि अर्ध्यावर थांबा. दोन पावलं मागे घ्या. घोड्याने जबडा सैल सोडला, जीभ चाळवली की पुढे. चालीवर हे लोण्यासारखं झालं की दुडकीवर, आणि तिथेही झालं की मग हळू दौड. रोज पूर्ण वेगात तिन्ही ड्रम पळवू नका. तसं केलं की घोडा ड्रम दिसताच उसळायला लागतो आणि तुमच्या हातात नवंच दुखणं येतं. स्पर्धेचे घोडेही रोज पूर्ण वेगात पळवले जात नाहीत.

मापं लिहून ठेवा. पहिल्या दोन ड्रममध्ये 90 फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत 105 फूट, सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या दोन ड्रमच्या ओळीपर्यंत 60 फूट. या मापाच्या मैदानात अमेरिकेतले कसलेले स्वार 17 सेकंदांच्या आसपास येतात. तुम्ही पहिल्या वर्षी घड्याळ घरीच ठेवा. जागा कमी असेल तर माप कमी करा, पण त्रिकोण तसाच ठेवा. ड्रम 200 लिटरचा, प्लास्टिकचा चालतो. पत्र्याचा असेल तर उघडी कड ठोकून, वर जुन्या ट्यूबची पट्टी बांधा.

वावर निवडताना घाई करू नका. हरभरा निघाला, वावर मोकळं झालं म्हणून काळ्या रानात ड्रम मांडतात. फाल्गुनापासून त्या रानाला भेगा पडायला लागतात आणि घोड्याचा पाय अख्खा आत जातो. बरड, मुरमाड पट्टी बघा, वरचा तीन-चार बोटं थर रोटाव्हेटरने मोकळा करा, गोटे वेचा. नदीच्या खोल रेतीत सराव नको, शिरा ताणतात. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत काम आटपा. पावसाळ्यात फक्त चाल आणि दुडकी, तीही पाणी निचरलेल्या जागी.

डॉक्टरांकडे नेताना

नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचाच राबता असतो, त्यामुळे घोड्याचं किचकट दुखणं घेऊन या दोन ठिकाणी जावं लागू शकतं. जाताना रस्त्यावरचं आणि मऊ मातीवरचं चित्रण मोबाईलमध्ये ठेवा, कारण गाडीतून उतरलेला घाबरलेला घोडा तिथे लंगडतोच असं नाही. शेवटची नाल कधी मारली, चंदीत काय काय आहे, त्रास कधी कधी परत आला, हे कागदावर लिहून न्या. आणि आदल्या दिवशी मेडिकलमधून आणलेलं दुखणं मारायचं इंजेक्शन टोचू नका. त्याने घोडा तिथे नीट चालून दाखवतो आणि डॉक्टरांना काहीच सापडत नाही.